सरलीफबाईंची जगातली पत आणि घरातला हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लायबेरियाच्या माजी राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांना नोबेल मिळालं, आफ्रिकेतल्या चांगल्या कारभारासाठीचा मो इब्राहिम पुरस्कार मिळाला, आपल्याकडचा इंदिरा गांधी शांतता पुरस्कारही मिळाला. मग खुद्द लायबेरियातली माणसं त्यांच्याबद्दल कडवट का बोलतात? २०१७ मध्ये त्यांच्या पक्षाचा उमेदवार कसा पडला, आणि पक्षानं त्यांनाच बाहेर का काढलं? शेवटी तुम्ही विचारलंय की हे जगभरचं कौतुक म्हणजे पाश्चात्त्यांनी उभा केलेला देखावा आहे का. एका ठिकाणी नुसती स्तुती आणि दुसऱ्या ठिकाणी नुसती टीका वाचून तुमचा गोंधळ झालाय, तो मी समजू शकते.

आधी माझं सांगते. सरकारी जमाखर्च आणि सार्वजनिक कर्ज हा माझा कामाचा विषय. चोवीस वर्षांतली आठ पश्चिम आफ्रिकेत गेली, आणि त्यातली साडेतीन, तुटक तुटक का होईना, लायबेरियाची राजधानी मोनरोव्हियात. सरलीफबाईंना मी समारंभात लांबून दोनदा पाहिलंय, ओळख वगैरे काही नाही. मी जे पाहिलं ते व्हाउचरांतून, थकबाकीच्या तक्त्यांतून आणि ऑफिस सुटल्यावर बाजारात. त्यामुळे माझं उत्तर पैशाच्या बाजूनं येणार. राज्यशास्त्र शिकवणारा कुणी कदाचित वेगळ्या टोकाकडून सुरुवात करेल.

तुम्ही 'लोकप्रियता' हा शब्द वापरलाय आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो. बाहेरच्या जगात सरलीफबाईंजवळ होती ती पत. मराठीत हा शब्द फार चांगला आहे. सोसायटी कर्ज देताना पाहते तीही पत, आणि गावात एखाद्याच्या शब्दाला असते तीही पत. लोकप्रियता मतपेटीत मोजतात. पत मोजायची तर तुमच्या सहीवर समोरचा किती रक्कम द्यायला किंवा सोडायला तयार होतो ते बघायचं. आता मतपेटी बघा. १९९७ मध्ये युद्धातला बंडखोर म्होरक्या चार्ल्स टेलर याच्यासमोर सरलीफबाईंना जेमतेम १० टक्के मतं पडली, टेलरला ७५ टक्के. २००५ च्या पहिल्या फेरीत त्या २० टक्क्यांच्या आत होत्या आणि फुटबॉलपटू जॉर्ज वेआ २८ टक्के घेऊन पुढे. दुसऱ्या फेरीत त्या ५९ टक्क्यांनी जिंकल्या. २०११ मध्ये, नोबेल जाहीर झाल्यावर अवघ्या चार दिवसांनी मतदान झालं, तरी पहिल्या फेरीत ४४ टक्केच. म्हणजे घरी लोकांनी त्यांना कधीच डोक्यावर घेतलेलं नव्हतं. तेव्हा 'आधी लोकप्रिय होत्या, मग लोक उलटले' अशी गोष्ट तुमच्या डोक्यात असेल तर ती आधी बाजूला ठेवा.

मग ही पत आली कुठून? जन्म १९३८ चा, मोनरोव्हियातला. सतराव्या वर्षी लग्न, चार मुलगे, मग अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये शिक्षण आणि पुढे हार्वर्डची पदवी. १९७९ मध्ये त्या अर्थमंत्री झाल्या. वर्षही पुरं झालं नाही तोच १२ एप्रिल १९८० ला सार्जंट सॅम्युएल डो यानं सत्ता उलथवली, अध्यक्ष टोल्बर्ट मारले गेले, आणि दहा दिवसांनी मोनरोव्हियाच्या किनाऱ्यावर १३ बड्या अधिकाऱ्यांना खांबांना बांधून गोळ्या घातल्या. जे मोजके मंत्री वाचले त्यांत या होत्या. नंतर नैरोबीत सिटीबँकेची नोकरी. तिथं सुखानं राहता आलं असतं. १९८५ मध्ये त्या निवडणुकीसाठी परत आल्या, डोच्या राजवटीवर जाहीर टीका केली आणि दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली गेली. जगभरातून दबाव आल्यावर सुटका झाली. मग सिनेटची जागा जिंकली, पण निवडणूकच खोटी आहे म्हणून ती स्वीकारली नाही. पुन्हा अटक झाली. १९९२ ते १९९७ त्या संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमात आफ्रिका विभागाच्या प्रमुख होत्या.

कर्ज मागायला गेलेल्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोगी काय पडतं? देणारा कसा विचार करतो हे माहीत असणं. २००६ मध्ये ज्या खोल्यांत जाऊन त्यांना देशाची बाजू मांडायची होती, त्याच खोल्यांत त्या आधी टेबलाच्या पलीकडे बसून आल्या होत्या. शिवाय तुरुंग भोगलेला. बँकेची भाषा येणारे खूप असतात, तुरुंग भोगलेलेही असतात. दोन्ही एका माणसात क्वचित सापडतं.

त्यांच्या हाती आलेला देश कसा होता ते आकड्यांत सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९८९ ते २००३ मधल्या दोन युद्धांत सुमारे अडीच लाख माणसं गेली. १९८७ ते १९९५ या काळात अर्थव्यवस्था ९० टक्क्यांनी आकसली होती. राजधानीत पंधराएक वर्षं सरकारी वीज नव्हती. सरकारचं वर्षाचं अंदाजपत्रक सुमारे ८ कोटी डॉलरचं आणि बाहेरचं कर्ज सुमारे ४.९ अब्ज डॉलरचं. घरगुती भाषेत, वर्षाचं उत्पन्न ८० हजार आणि डोक्यावर कर्ज ४९ लाख. त्यातलं बरंचसं व्याज आणि दंडव्याज, दशकानुदशकं न भरलेलं.

आमच्या गटाचं पहिलं काम होतं नुसतं 'कोणाचं किती देणं आहे' हे ठरवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण करारनामे युद्धात गेलेले, काही जळालेले. जे उरले होते ते गळक्या खोलीत भिजून एकमेकांना चिकटलेले. ओल्या पापडांची चळत सोडवावी तसे आम्ही एकेक पान सुरीच्या पात्यानं सुटं करायचो आणि खिडकीत दगड ठेवून वाळवायचो. तरीही निम्मं जुळायचं नाही. शेवटी धनकोंकडूनच उतारे मागवून त्यांच्याच कागदांवरून आमची वही नव्यानं लिहावी लागली. विचार करा, ज्याचं देणं आहे त्यालाच विचारायचं, 'बाबा, आम्ही तुला किती लागतो?' तरी समोरून उत्तर येत होतं, आणि बहुतेक वेळा सरळ येत होतं. इतर देशांत याच कामासाठी मी महिनोन्महिने पत्रं पाठवून थांबलेली आहे. मोनरोव्हियात अध्यक्षांच्या सहीचं पत्र गेलं की हालचाल व्हायची. पत म्हणजे काय ते मी तिथं पाहिलं.

पुढचा क्रम असा. २००७ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनमधल्या बैठकीत अमेरिकेनं ३९ कोटी डॉलर सोडल्याचं जाहीर केलं. २००८ च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची जुनी थकबाकी मिटली, आणि तिचा भार शंभराहून अधिक सदस्य देशांनी मिळून उचलला. २००९ मध्ये खासगी धनकोंचं सुमारे १.२ अब्ज डॉलरचं कर्ज डॉलरमागे तीन सेंट देऊन परत विकत घेतलं. आपल्याकडे बुडीत कर्जाला बँका एकरकमी परतफेडीची योजना लावतात ना, तीच गोष्ट. फक्त इथं रुपयातले सत्त्याण्णव पैसे सोडायला धनको तयार झाले. जून २०१० मध्ये गरीब कर्जबाजारी देशांसाठीच्या योजनेचा शेवटचा टप्पा पार झाला आणि ४.६ अब्ज डॉलरच्या कर्जमाफीवर शिक्कामोर्तब झालं. सातबारा जवळजवळ कोरा.

जे तयार झाले नाहीत त्यांचंही सांगायला हवं. १९७८ मधलं सुमारे ६० लाख डॉलरचं एक कर्ज हातोहात विकलं जात दोन गुंतवणूक कंपन्यांकडे आलं होतं. त्यांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला आणि २००९ मध्ये सुमारे २ कोटी डॉलरचा निकाल मिळवला. पण इतकी मोठी सहानुभूती देशाच्या मागे होती की पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं अशा वसुलीला लगाम घालणारा कायदा केला, आणि त्या कंपन्यांना त्या मोठ्या रकमेऐवजी अगदी किरकोळ रकमेवर तडजोड करावी लागली. मी चोवीस वर्षांत पाहिलेल्या गोष्टींत ही पहिल्या तीनांत येईल.

अर्थात हे फुकट मिळालं नाही. सरलीफबाईंच्या आधीच्या हंगामी सरकारनं सप्टेंबर २००५ मध्ये देणगीदारांशी एक करार केला होता. त्यानुसार मध्यवर्ती बँक, बंदर, विमानतळ, वनखातं अशा कमाईच्या ठिकाणी परदेशी तज्ज्ञ बसणार, आणि त्यांची दुसरी सही असल्याशिवाय खर्च होणार नाही. सार्वभौम देशाच्या तिजोरीवर परक्याची सही! बाईंनी हा करार मोडला नाही. मुदत संपेपर्यंत चालवला. माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं नोकरी केलेले एक लेखापाल बसायचे. व्हाउचरवर दुसऱ्या सहीसाठी आखलेल्या रिकाम्या चौकटीवर ते अंगठा ठेवून बोलायचे, जणू ती चौकट त्यांना दिसायला नको होती. मी तेव्हा या पद्धतीच्या बाजूची होते आणि आजही आहे, कारण तिजोरीत येणारा पैसा खरोखर वाढला. पण त्या अंगठ्याखाली किती अपमान दाबलेला होता ते मला कळायला वेळ लागला. जगाच्या दृष्टीनं ती शिस्त होती. त्यांच्या दृष्टीनं देशातल्या प्रत्येक कारकुनावर चोर असल्याचा शिक्का होता.

पत वापरून केलेली आणखी एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे. लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीनं २००५ मध्ये हंगामी सरकारबरोबर निंबा भागातल्या लोखंडाच्या खाणींचा करार केला होता. त्यात करसवलत होती, खाणीपासून ब्युकॅनन बंदरापर्यंतच्या रेल्वेवर आणि बंदरावर कंपनीची पकड होती. सरलीफ सरकारनं तो पुन्हा चर्चेला आणला. २००६ च्या अखेरीस सुधारित करार झाला आणि रेल्वे, बंदर सरकारकडे राहिलं. सही झालेला करार इतक्या मोठ्या कंपनीला पुन्हा उघडायला लावणं ही सोपी गोष्ट नव्हे.

आता परिस्थितीवर किती अवलंबून होतं ते. खूप. युद्ध थांबवण्यात लायबेरियातल्या बायकांचा वाटा मोठा होता. लेमा ग्बोवी आणि त्यांच्या सोबतच्या ख्रिश्चन-मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून २००३ मध्ये मोनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ दिवसेंदिवस उन्हापावसात बसल्या, घानाची राजधानी अक्रापर्यंत जाऊन वाटाघाटीच्या दाराशी ठाण मांडून बसल्या. सरलीफबाई निवडून आल्या तेव्हा त्या आंदोलनाचं पुण्य त्यांच्या खात्यात आपोआप जमा झालं. आफ्रिकेतली पहिली निवडून आलेली महिला राष्ट्राध्यक्ष ही बातमी जगाला हवी होती. (निवडून आलेली, हे लक्षात ठेवा. त्याच देशात १९९६-९७ मध्ये रूथ पेरी हंगामी सरकारच्या प्रमुख होत्या, पण त्या नेमलेल्या. परीक्षेत हा फरक विचारला जातो.) अमेरिकेशी लायबेरियाचं नातं १८४७ च्याही आधीचं, तिथून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी देश वसवला तेव्हापासूनचं. मार्च २००६ मध्ये त्यांना अमेरिकी काँग्रेससमोर भाषणाचा मान मिळाला त्यात या नात्याचाही हिस्सा होता. हेच सगळे गुण असलेली बाई बाजूच्या गिनीत किंवा सिएरा लिओनमध्ये अध्यक्ष झाली असती तर इतकं झालं असतं का? मला नाही वाटत.

घरच्या हिशोबाकडे येते. वॉटरसाइड बाजारात सुक्या मासळीचे ढीग लावून बसणारी एक बाई माझी ओळखीची झाली होती. तिथल्या बायका 'सुसू' चालवतात. सुसू म्हणजे थेट आपली भिशी: रोज किंवा आठवड्याला ठरलेली रक्कम टाकायची, पाळीपाळीनं एकेकीनं उचलायची. ही बाई बावीस जणींची सुसू सांभाळायची आणि तिच्याजवळ कागदाचा कपटाही नव्हता, सगळं तोंडपाठ. कर्जमाफीची बातमी रेडिओवर आली त्या आठवड्यात तिनं मला विचारलं, 'हे ४.६ अब्ज म्हणजे नक्की काय?' मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे पैसे आले?' मी म्हटलं, 'आले नाहीत. द्यायचे होते ते आता द्यावे लागणार नाहीत.' तिनं मासळीवरच्या माश्या हाकलल्या आणि विचारलं, 'मग मी काय पाहू?'

या प्रश्नात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. फेडलेलं कर्ज डोळ्यांना दिसत नाही. पत कमावल्याचा फायदा तिजोरीत होतो, तो चुलीपर्यंत यायला शाळा, दवाखाने, विजेच्या तारा, न चोरणारी माणसं अशी लांबलचक साखळी लागते, आणि तीच तर युद्धात तुटली होती. वीज घ्या. २६ जुलै २००६ ला, स्वातंत्र्यदिनी, मोनरोव्हियात काही भागांत रस्त्यावरचे दिवे लागले. लोक रस्त्यावर येऊन नाचले म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं. त्याच दिवशी अध्यक्षीय निवासाला आग लागली, आणि त्यांचं कार्यालय परराष्ट्र खात्याच्या इमारतीत हलवावं लागलं. पण युद्धात मोडलेला माउंट कॉफीचा जलविद्युत प्रकल्प पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०१६ उजाडला. मधली दहा वर्षं बहुतेक शहर जनरेटरवर, नाहीतर मेणबत्तीवर. शिक्षणाचं आणखी वाईट. २०१३ मध्ये लायबेरिया विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला सुमारे २५ हजार मुलं बसली आणि एकही उत्तीर्ण झाला नाही.

ही झाली साधनं तोकडी पडल्याची गोष्ट, ती मी माफ करू शकते. पुढच्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, भूतकाळाची. १९९० च्या सुमारास, डोला हटवायचं म्हणून सरलीफबाईंनी चार्ल्स टेलरच्या बाजूनं पाठिंबा दिला आणि १० हजार डॉलर पोचवले. हे त्यांनी स्वतः मान्य केलं, टेलर काय चीज आहे हे तेव्हा कळलं नाही म्हणून माफी मागितली. युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगानं २००९ मध्ये, इतर अनेकांबरोबर, त्यांना ३० वर्षं सार्वजनिक पदापासून दूर ठेवण्याची शिफारस केली. २०११ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं ती शिफारस घटनेत बसत नाही म्हणून रद्द ठरवली. कायद्यानं विषय संपला. पण ज्यांच्या घरातली माणसं टेलरच्या पोरसवदा सैनिकांनी मारली त्यांचा कसा संपेल? आणि आयोगानं ज्या युद्धगुन्हे न्यायालयाची मागणी केली होती ते त्यांच्या बारा वर्षांत उभं राहिलंच नाही. नोबेल समितीच्या हॉलमध्ये हा हिशोब नव्हता, मोनरोव्हियाच्या गल्लीत होता.

दुसरी, मुलांची. एक मुलगा सरकारी तेल कंपनीचा अध्यक्ष आणि अध्यक्षांचा सल्लागार, एक मध्यवर्ती बँकेत डेप्युटी गव्हर्नर, आणि सावत्र मुलगा फुंबा सरलीफ राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख. बाईंचं म्हणणं असं की विश्वासाची आणि शिकलेली माणसं मिळत नव्हती. २०१२ मध्ये मालमत्तेचं विवरण न दिल्याबद्दल त्यांनी इतर ४५ अधिकाऱ्यांबरोबर बँकेतल्या मुलालाही निलंबित केलं, हेही खरं. पण मी ज्या पद्धतीच्या बाजूनं बोलले ती आठवा. कारकुनाच्या व्हाउचरवर परक्याची सही मागायची आणि तेलाचा कारभार मुलाच्या हाती द्यायचा, हे एका सरकारात बसत नाही. माझ्या शेजारच्या त्या लेखापालांना मी याचं उत्तर देऊ शकले नाही. त्याच वर्षी लेमा ग्बोवी यांनी घराणेशाहीवर उघड टीका करत राष्ट्रीय सलोख्याचं काम सोडलं. ज्यांच्याबरोबर नोबेल वाटून घेतलं त्याच बाईनं वर्षभरात पाठ फिरवली, याचा अर्थ बाहेर फार कमी लोकांनी लावला. २०१४ च्या सिनेट निवडणुकीत बाईंचा तेल कंपनीवरचा मुलगा रॉबर्ट राजधानीच्या जिल्ह्यातून उभा राहिला, समोर वेआ. वेआंना ७८ टक्के मतं मिळाली. मतदारांनी कौल देऊन टाकला होता, आपण वाचला नाही इतकंच.

इबोलाचा काळ मी तिथं नव्हते, त्यामुळे थोडक्यात सांगते. २०१४-१५ मध्ये लायबेरियात दहा हजारांवर रुग्ण आणि सुमारे ४,८०० मृत्यू झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये वेस्ट पॉइंट ही राजधानीतली दाट वस्ती सैन्य लावून बंद केली, जमावावर गोळीबार झाला, एक किशोरवयीन मुलगा गेला. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. दुसरीकडे जगाकडून मदत ओढून आणण्यात त्यांची पत पुन्हा कामी आली. राजधानीत मृतदेह जाळायचा हुकूम निघाला तो साथीच्या दृष्टीनं बरोबर असेलही. पण दर मार्चमध्ये कबरी रंगवून सजवण्याचा सण असलेल्या समाजात, जिथं सजवायला कबरच उरली नाही त्या घरातल्यांना त्याबद्दल काय वाटतं ते मी नंतर ऐकलंय. एका बाईनं मला नुसता रंगाचा न उघडलेला डबा दाखवला होता.

आता तुमचा शेवटचा मुद्दा, पाश्चात्त्यांनी उभा केलेला देखावा. हे मला पटत नाही. देखाव्यानं ४.६ अब्ज डॉलर सुटत नाहीत. शिवाय हा मान फक्त पश्चिमेकडून आला असंही नाही. २०१३ मध्ये दिल्लीत राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते त्यांना २०१२ चा इंदिरा गांधी पुरस्कार दिला गेला. आणि भारताचा संबंध पुरस्कारापुरता नाही. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या शंभराहून अधिक महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत मोनरोव्हियाला पोचली, संपूर्ण महिलांची जगातली पहिली अशी तुकडी. अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर त्या पहारा द्यायच्या. संध्याकाळी त्यांच्या तळाजवळून जाताना हिंदी ऐकू आलं की मी उगाच दोन मिनिटं रेंगाळायची. तिथल्या मुली त्यांच्याकडे टक लावून बघत राहायच्या. २०१६ मध्ये शेवटची तुकडी परतली.

माझ्या मते जगाचं चुकलं ते दुसरीकडे. त्यांनी पत पाहिली आणि तीच कारकीर्द समजले. पत कमावण्यात आणि वापरण्यात सरलीफबाई असामान्य होत्या, आणि दुसरं कुणी त्या खुर्चीत असतं तर ते कर्ज आणखी पंधरा वर्षं तसंच राहिलं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. भ्रष्टाचाराच्या आघाडीवर त्या कमी पडल्या, आणि शेवटच्या वर्षी संसदेसमोर त्यांनी ते स्वतः कबूल केलं. तुम्ही उत्तर लिहाल तेव्हा ही दोन विधानं शेजारी शेजारी लिहा, एकानं दुसरं खोडू नका.

२०१७ चं म्हणाल तर त्या स्वतः उमेदवार नव्हत्याच, दोन मुदती पूर्ण झाल्या होत्या. पक्षाचे उमेदवार होते त्यांचे उपाध्यक्ष जोसेफ बोआकाय. बाईंनी त्यांचा प्रचार मनापासून केला नाही, आतून वेआंना झुकतं माप दिलं असा पक्षाचा आरोप, आणि जानेवारी २०१८ मध्ये पक्षानं त्यांना काढून टाकलं. त्यांनी आरोप नाकारला. पुढच्याच महिन्यात मो इब्राहिम पुरस्कार जाहीर झाला, ५० लाख डॉलरचा, जो कुणी पात्र दिसलं नाही तर समिती देतच नाही. घरच्या पक्षातून हकालपट्टी आणि बाहेर हा मान, मध्ये काही आठवडे. तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

पुरस्काराचं मुख्य कारण मात्र कमी लेखू नका. त्यांच्या आधीचे अध्यक्ष आठवा. टबमन १९४४ पासून खुर्चीत होते, १९७१ मध्ये पदावर असतानाच वारले. टोल्बर्ट मारले गेले. १९९० मध्ये डोला पकडून हाल करून मारलं. टेलर २००३ मध्ये देश सोडून गेला आणि शेजारच्या देशातल्या युद्धगुन्ह्यांसाठी ५० वर्षांची शिक्षा भोगतोय. २२ जानेवारी २०१८ ला वेआंचा शपथविधी झाला तेव्हा लायबेरियात ७४ वर्षांनी एका निवडून आलेल्या अध्यक्षानं दुसऱ्या निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हाती शांतपणे सत्ता दिली होती.

त्या संध्याकाळी मी पुण्यात होते. शेजारच्या टेबलावरच्या त्या लेखापालांना फोन लावला. त्यांनी दोन्ही वेळा वेआंना मत दिलं होतं, हे मला माहीत होतं. मागे गाण्यांचा गोंगाट चालला होता. शहर कसं आहे विचारलं तर सरलीफबाईंना तिकडे म्हणतात तसं म्हणाले, 'ओल्ड मा घरी गेली.' मग थोडं थांबून, 'उद्या ऑफिस आठलाच आहे.'